खुर्ची कुणाची, नखं कुणाची

रात्री पावणेतीनच्या सुमाराला आमच्या घरात एक आवाज येतो. जाड कापड फाडल्यासारखा, पण तुकड्यातुकड्यानं. खर्र. मग थोडी शांतता. मग परत खर्र. सुरुवातीला या आवाजानं मी ताडकन उठून बसायचो, लाइट लावून ओरडायचो. आता कूस बदलतो. या दोन्हींच्या मधे दीड वर्ष गेलं आणि त्या दीड वर्षात मला एका प्रश्नानं बराच छळलं. प्रश्न ऐकायला फालतू वाटेल: मांजर खुर्ची ओरबाडत असेल तर बदलायचं कुणी? मांजरानं, खुर्चीनं की माझ्यासारख्या मधल्या माणसानं?

आधी खुर्चीबद्दल. ती बाबांची. सागवानी, रुंद हातांची, हातांना आणि पाठीला जाड विणीचं मातकट हिरवं कापड. बाबा गेल्यावर आई साताऱ्याचं मोठं घर सोडून मामाच्या शेजारी लहान जागेत राहायला गेली. घर आवरताना ती म्हणाली, "ही तू घेऊन जा." पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाकी सगळं फर्निचर ऑनलाइन मागवलेलं, खोक्यातून काढून स्क्रू पिळून उभं केलेलं. माझ्या जन्माआधीची वस्तू ही एकच.

ठमी त्यानंतर आली. जुलैच्या पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक ओलं पिल्लू किंचाळत होतं, ते वर आणलं. चार महिन्यांत तिनं खुर्चीच्या डाव्या हाताचे दोरे बाहेर काढले. मी पाण्याचे फवारे मारले, टाळ्या वाजवल्या, एकदा तर चप्पल फेकली (लागली नाही, पण फेकली हे खरं). एवढं करून ठमी एकच गोष्ट शिकली: हा माणूस जागा असताना ओरबाडायचं नाही. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा मी खुर्चीवर चादर टाकायचो.

अमेरिकेतल्या मावसबहिणीशी बोलताना उपाय कळला. "आमच्या मांजरीला आम्ही डीक्लॉ केलंय," ती म्हणाली, केस कापून आणल्यासारखं. माझ्या डोक्यात त्याचं भाषांतर झालं 'नखं काढणं'. शब्द अगदी निरुपद्रवी. नखं आपणही काढतो, दर रविवारी, वर्तमानपत्र पसरून.

ठमीच्या पशुवैद्यांना विचारलं. त्या क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात पुढे करा." माझ्या तर्जनीचं शेवटचं पेर दोन बोटांत धरून त्यांनी दाबलं. "इथून. हाडासकट. पुढच्या दोन्ही पायांची मिळून दहा." मांजराचं नख शेवटच्या हाडातूनच उगवतं. ते परत येऊ नये म्हणून ते हाडच सांध्यापासून तोडावं लागतं. शिवाय मांजर चालतं बोटांवर. म्हणजे ज्याच्यावर शरीर पेललेलं असतं, त्याचाच पुढचा भाग जातो. "मी हे करत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण तुम्ही मला एक सांगा. मांजराचं काय बदलता येईल हे विचारायला आलात. घरात काय बदलता येईल ते बघितलंत का?"

मी घरी येऊन वाचत बसलो. १९८७च्या युरोपीय करारात पाळीव प्राण्यांची नखं काढायला, वैद्यकीय कारण सोडून, मनाई आहे. इस्राएलनं २०११ साली कायदा केला. अमेरिकेत अशी बंदी घालणारं पहिलं राज्य न्यूयॉर्क, २०१९ साली. आपल्याकडचा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा. प्राण्याला विनाकारण वेदना देणं त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय १० ते ५० रुपये. खुर्चीला नवं कापड लावायला कितीतरी जास्त लागतात. पण कायद्यानं माझा प्रश्न सुटला नाही. अमुक ठिकाणी बंदी आहे एवढंच कळलं. ते चूक *का* आहे, हे मला स्वतःला पटवून द्यायचं होतं.

पहिलं उत्तर सुचलं ते असं: निसर्गानं दिलेलं शरीर आपण बदलू नये. पाच मिनिटांत ते कोसळलं, कारण दोनच महिन्यांपूर्वी मी ठमीची नसबंदी करून आणली होती. तिला विचारून नव्हे. त्यात माझी सोय नव्हती असंही नाही. मग एक शस्त्रक्रिया करून मी जबाबदार पालक आणि दुसरी करून क्रूर, हे कसं?

इथे मी बरेच दिवस अडकलो होतो. शेवटी दोन प्रश्नांची चाळणी लावली. एक, या बदलाचा तिला स्वतःला काही उपयोग आहे का? दोन, यापेक्षा कमी इजा करणारा मार्ग आहे का? नसबंदीमुळे गर्भाशयाच्या गंभीर संसर्गाचा धोका टळतो आणि जिला कुणी वर आणणार नाही अशी पिल्लं पार्किंगमध्ये जन्मत नाहीत. आणि तेवढंच परिणामकारक दुसरं काही माझ्या हातात नाही. नखांच्या बाबतीत दोन्ही उत्तरं उलटी येतात. फायदा फक्त खुर्चीचा, आणि इतर मार्ग भरपूर. तिची संमती दोन्हीकडे नाही, हे मात्र तसंच राहतं. ते पुसता येत नाही. म्हणून तर चाळणी जास्त बारीक हवी.

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो टाळणं अप्रामाणिक होईल. समजा माणूस म्हणाला, "नखं काढा, नाहीतर मी हिला रस्त्यावर सोडतो." तेव्हा रस्त्यावरच्या मरणापेक्षा बिननखांचं घर बरं नाही का? गणित म्हणून बरंच. पण ऑफिसात मी हे गणित रोज ऐकतो. "एकतर शुक्रवारी रिलीज, नाहीतर टेस्टिंग." असे दोनच पर्याय समोर येतात तेव्हा तिसरा पर्याय नसतो असं नाही, तो महाग असतो आणि त्याची किंमत कुणाला तरी स्वतःच्या खिशातून द्यायची नसते. 'हे किंवा ते' ही चौकट ठमीनं आखलेली नाही, मी आखली. जो पर्याय ठरवतो, त्यानं 'नाइलाज' हा शब्द जपून वापरावा.

तत्त्वज्ञांकडे गेलो. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकही तत्त्वज्ञ भेटला नव्हता, त्यामुळे उशिरानं जाणाऱ्याचा उत्साह होता.) कांट म्हणतो, प्राण्यांबद्दल आपलं थेट कर्तव्य नाही, पण प्राण्याशी क्रूर वागणारा माणूस माणसांशीही निबर होत जातो, म्हणून तसं वागू नये. चप्पल फेकलेली रात्र आठवली आणि हे थोडंसं पटलं. पण यात ठमी कुठेच नाही, सगळं माझ्याच चारित्र्याबद्दल आहे. बेंथमनं १७८९च्या ग्रंथात मुद्दा तिच्याकडे वळवला: प्राण्याला बुद्धी किंवा भाषा आहे का हा प्रश्नच नाही, त्याला दुःख होतं का हा प्रश्न आहे. हे जास्त पटलं.

तरी एक शंका उरली. समजा उद्या असं तंत्र आलं की कापताना आणि नंतरही काडीची वेदना नाही. मग चालेल?

मला वाटतं, नाही. याचं उत्तर शोधायला मी ठमीकडे नीट बघायला लागलो. झोपेतून उठली की ती खुर्चीशी जाते, मागचे पाय रोवते, पुढचे पंजे जमतील तितके वर टेकवते आणि आख्खं अंग ताणून खाली ओढते. या ओढण्यात नखावरचं जुनं कवच निघून आतलं टोकदार नख मोकळं होतं. पाठीचा, खांद्यांचा व्यायाम होतो. पंजांमधल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो. म्हणजे ही एक प्रकारची सहीच: इथे मी राहते. मी ज्याला नासधूस म्हणत होतो ते तिचं अंघोळ, योगासनं आणि दारावरची पाटी, तिन्ही एकदम होतं. वेदना शून्य केली तरी हे सगळं जाणारच. एखाद्या जिवाचं जगणं त्याला न दुखवताही हिरावून घेता येतं. वाघाची मावशी म्हणून कौतुकानं घरी आणायचं आणि मग वाघाकडून आलेलं तेवढं कापून टाकायचं, यातला विरोधाभास मला तेव्हा दिसला.

आजोळी मांजरं होती, पण हा प्रश्न तिथे कुणाला पडल्याचं आठवत नाही. तिथे मांजर अर्धं घरातलं, अर्धं बाहेरचं. मागच्या दारी शेवगा होता, गोठ्याचा खांब होता. सातव्या मजल्यावर मी खिडक्यांना जाळी लावली, ती पडू नये म्हणून. बरोबरच केलं. पण तिचं झाड, तिचा खांब सगळं जाळीपलीकडे राहिलं. आमच्या घरात जड, न हलणारं, खरखरीत असं एकच काही होतं: बाबांची खुर्ची. ठमीनं अचूक निवड केली होती. आमच्या धंद्यात युजर एखादी गोष्ट 'चुकीची' वापरायला लागला की डिझाइन परत बघायचं असतं. युजरची बोटं कापत नाहीत.

मग मी डिझाइन परत बघितलं. नखांची फक्त टोकं, आतला गुलाबी भाग टाळून, दर दोन-तीन आठवड्यांनी कापायला शिकलो. खुर्चीच्या हातांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. पंजाला चिकटलेलं मांजरांना आवडत नाही. ओरडणं बंद केलं. राहिला खांब. बाजारातून आणलेला पहिला खांब बुटका आणि हलका होता. ती टेकली की डुगडुगायचा. दोनदा वापरून तिनं तो नाकारला.

दिवाळीनंतर आई आली. या वेळी मी चादर टाकली नाही. तिनं खुर्चीच्या डाव्या हातावरून हात फिरवला आणि काहीच बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "त्यांनी असतं तर मांजराला घराबाहेर काढलं असतं." मग थोड्या वेळानं, "मलाही त्या खुर्चीत कधी बसू दिलं नाही. म्हणजे नको म्हणाले नाहीत. पण बसले नाही मी." मी यावर काय बोलणार होतो? मी विचारलं, "तुला राग आला का?" ती म्हणाली, "आला ना. वस्तू आहे म्हणून काय राग येऊ नये?"

हे मला अजून महत्त्वाचं वाटतं. इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की खुर्ची 'फक्त वस्तू' आहे, म्हणून सोडून द्यावी. ते खोटं होतं. खुर्चीला दुखत नाही, पण आईला दुखलं, मला दुखलं. ते नुकसान खरं आहे आणि ठमी गोड आहे म्हणून ते भरून निघत नाही. पण पार्किंगमधून तिला वर आणायचा निर्णय माझा होता. त्या निर्णयाची किंमत कुणीतरी मोजणारच असेल, तर ज्यानं निर्णय घेतला त्यानं मोजावी. जिला विचारलंच नाही तिच्या बोटांनी नव्हे.

दुसऱ्या दिवशी आईनं मला सुंभ आणायला लावला. सुताराकडून कमरेएवढा जाड वासा आणि खाली रुंद फळी. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून तो वासा सुंभानं गच्च गुंडाळला. आई ओढून धरायची, मी गुंडाळायचो. तो कोपऱ्यात नाही, खुर्चीला खेटून ठेवला. ठमीनं तासभर वास घेतला, मग पंजे वर टेकवले.

आता दहातल्या आठ वेळा ती सुंभावर जाते. उरलेल्या दोन वेळा खुर्चीवर, बहुतेक रात्री पावणेतीनला. कापड मी अजून बदललेलं नाही. आई आली की त्या खुर्चीत बसते.