निर्णय नको, वचने दाखवा

एकादशी आज धरायची की उद्या, असा घोळ झाला की गुरुजींना विचारले जाते आणि गुरुजी बहुधा 'धर्मसिंधु' उघडतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी हा ग्रंथ १७९० च्या सुमारास रचला. मूळ वचनांचा पसारा शक्यतो टाळून निर्णय तेवढा सांगायचा, ही त्याची रीत. काम झटपट होते. निर्णय कशावरून आला, ते मात्र कळत नाही.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेने उलटी वाट धरली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी संपादलेल्या 'धर्मकोशा'चे व्यवहारकांड १९३७ पासून छापले जाऊ लागले. एकेक विषय घेऊन त्यावरची वेदांपासूनची वचने ओळीने लावायची, खाली टीकाकारांचे अर्थ आणि पाठभेद द्यायचे. निकाल द्यायचा नाही.

पुत्र नसलेला माणूस वारला तर त्याचे धन कोणाचे? मनूच्या नवव्या अध्यायात ते बापाकडे, नाहीतर भावांकडे जाते. याज्ञवल्क्य पहिला मान पत्नीला देतो, मग मुलींना. नारद विधवेची पोटगीवर बोळवण करतो. बाराव्या शतकाच्या सुमारास विज्ञानेश्वराने 'मिताक्षरे'त तोड काढली: नवरा भावांपासून विभक्त असेल, तर धन पत्नीचे. ज्याने फक्त 'मिताक्षरा' वाचली, त्याला सगळ्या स्मृती एकमताच्या वाटतात. वचने शेजारीशेजारी ठेवली की भांडण उघडे पडते आणि 'शास्त्रात असे आहे' म्हणणाऱ्याला विचारता येते, कोणत्या?

म्हणून असा ग्रंथ तटस्थ ठरतो, असे नाही. मीमांसकांच्या मते श्रुती अपौरुषेय; तिला सन नाही, शतक नाही. स्मृतीचे प्रामाण्यही श्रुतीवर उभे, तेव्हा दोन वचनांत विरोध दिसला तर मेळ घालायचा, कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे पाहायचे नाही. संकलक तीच वचने काळाच्या क्रमाने लावतो, तेव्हा एक शब्दही न उच्चारता तो सांगून जातो की धर्म बदलत आला आहे. निकाल न देणाऱ्या ग्रंथाचा हा निकालच म्हणायचा.

तो वाचायला संस्कृत यावे लागते, ही अडचण उरतेच. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, १९३० ते १९६२ या काळात, पानोपानी आधार देत. मराठीत तो आला सारांशरूपाने. तळटीपांतली मूळ वचने पाहायची, तर मराठी वाचकाला पुन्हा त्या इंग्रजी खंडांकडेच जावे लागते.