श्रेष्ठाचा अर्धा वाटा : प्रवाशाचे गैरवर्तन आणि खासगी वैमानिकाचा दोष

खासगी वैमानिकाचा परवाना ज्याला मिळतो त्याला प्रवासी नेण्याची मुभा असते, पण त्यासाठी भाडे किंवा मोबदला घेता येत नाही. त्यामुळे रायपूरजवळच्या माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावरून चार आसनांचे सेसना १७२ घेऊन नागपूरकडे निघालेल्या अशा वैमानिकाबरोबर बसलेली माणसे कायद्याने प्रवासी असली, तरी व्यवहारात त्याचे आप्त, स्नेही किंवा पाहुणे असतात. सव्वा-दीड तासाच्या या प्रवासात त्यांपैकी कोणी गैरवर्तन केले, तर त्याचा दोष वैमानिकाला लागतो का, आणि लागत असल्यास किती, हा प्रश्न वरवर नियमपुस्तिकेतला वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी कर्मविचारातला एक फार जुना वाद आहे, तो म्हणजे एकाचे पाप दुसऱ्याच्या खाती कधी जमा होते.

कायद्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९३७ च्या विमान नियमांतील १४१ वा नियम विमानाच्या मुख्य वैमानिकावर, म्हणजे त्या उड्डाणाचा अंतिम अधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्यावर, प्रवाशांच्या सुरक्षिततेची आणि उड्डाणातील शिस्तीची जबाबदारी टाकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाच्या न्यूयॉर्क-दिल्ली उड्डाणात एका प्रवाशाने सहप्रवासी महिलेवर लघुशंका केल्याची तक्रार झाली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला आणि मुख्य वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. गैरवर्तनाचा आरोप प्रवाशावर होता, वैमानिकावर ठपका कर्तव्यात कसूर केल्याचा होता. हा भेद कायद्याने नेमका ओळखला. मात्र दुसऱ्याच्या कृत्याविषयीची कसूर ही नैतिक दोष कशी ठरते, हे सांगणे कायद्याचे काम नव्हे.

सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे, की ज्याचे कर्म त्याला, आणि वैमानिकाने तर फक्त विमान चालविले. या उत्तराला गीतेचा आधार सहज काढता येतो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्माची कसोटी बाह्य परिणामात न शोधता कर्त्याच्या बुद्धीत शोधली, आणि हा ग्रंथ हिंदी वाचकांपर्यंत नेणारे माधवराव सप्रे रायपूरचेच असल्यामुळे या शहरातील मराठी वाचकाला ती मांडणी परकी नाही. परंतु त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे ज्या आधारावर कर्म घडते तो, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. आकाशात घडणाऱ्या कोणत्याही कृत्याचे अधिष्ठान वैमानिकाने पुरविलेले असते, तेव्हा आपला संबंधच नाही असे त्याला म्हणता येत नाही; फार तर त्या संबंधाचे स्वरूप कोणते, एवढेच विचारता येते. योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, करविलेली आणि संमती दिलेली, असे तीन प्रकार आहेत. प्रवाशाचे गैरवर्तन वैमानिकाने केलेले नसते आणि करविलेलेही नसते, म्हणून सारा प्रश्न तिसऱ्या प्रकारापाशी येऊन थांबतो.

या ठिकाणी महाभारताच्या सभापर्वातील विदुराचे भाषण कोणत्याही नियमापेक्षा अधिक उजेड पाडते. द्रौपदीच्या प्रश्नावर सभा गप्प बसलेली असताना विदुर प्रल्हादाची कथा सांगतो. आपला मुलगा विरोचन आणि सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण, या प्राण पणाला लावलेल्या वादाचा निवाडा प्रल्हादाकडे आलेला असतो, आणि तो कश्यपाला विचारतो, की उत्तर ठाऊक असून न बोलणाऱ्याची गती काय. कश्यपाच्या उत्तरातला हिशेब थक्क करणारा आहे : निंद्य कृत्याची निंदा जिथे होत नाही, तिथे पापाचा अर्धा भाग सभेच्या श्रेष्ठाकडे जातो, करणाऱ्याकडे केवळ चौथाई उरते आणि उरलेली चौथाई गप्प सभासदांची, पण जिथे निंदा होते, तिथे श्रेष्ठ आणि सभासद सुटतात व सारे पाप कर्त्याकडे परत जाते. अधिकाऱ्याचा वाटा कर्त्याहून दुप्पट मानणारा हा विचार कठोर आहे आणि योग्यही आहे, कारण थांबविण्याची सत्ता ज्याच्याकडे असते त्याचे मौन ही संमतीच होय.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नावाड्यांविषयी नियम आहे : त्यांच्या चुकीने नावेतील मालाचे नुकसान झाले तर ते त्यांनी भरून द्यावे, दैवी आपत्तीने झाल्यास त्यांना दंड नाही. प्रवाशानेच आगळीक केली तर काय, याविषयी तो नियम काही सांगत नाही. ती उणीव कश्यपाचा हिशेब भरून काढतो.

तरीही विमान ही सभा नव्हे. सेसनाच्या पुढच्या दोन्ही आसनांसमोर नियंत्रणचक्र असते, वैमानिकाने आपले चक्र ओढले की शेजाऱ्याच्या गुडघ्यांपुढचे चक्रही त्याबरोबर सरकते, आणि मद्य घेतलेल्या पाहुण्याने ते गमतीने धरले तर त्याला समजावणारा केबिन कर्मचारी तिथे कोणी नसतो. अशा क्षणी वैमानिकाचा पहिला धर्म विमान सांभाळण्याचा आहे. वाद घालण्यात लक्ष गमावणारा वैमानिक एका दोषातून सुटण्यासाठी दुसरा, अधिक मोठा दोष पत्करतो. म्हणून त्याची निंदा शब्दांपेक्षा कृतीत दिसली पाहिजे : नशेत आलेल्याला मुळात विमानात न बसविणे, प्रसंगी परत फिरणे, उतरल्यावर घटना अधिकाऱ्यांना कळविणे. मागच्या आसनावरील एखाद्याचे खोटे बोलणे किंवा त्याचे खासगी संबंध मात्र वेगळ्या कोटीतले आहेत. ज्यात कोणाला इजा नाही आणि उड्डाणाला धोका नाही, तिथे वैमानिकाला न्यायाधीश करणे म्हणजे त्याच्या अधिकाराचा अर्थ भलताच ताणणे होय.

खरी अडचण नात्याची आहे. भाडे न देणारा प्रवासी बहुधा मामा, सासरे किंवा उपकारकर्ता असतो, आणि अतिथीला देव मानण्याचा संस्कार त्याला ‘उतरा’ म्हणू देत नाही. मात्र प्रल्हादापुढे पाहुणा नव्हता, पोटचा मुलगा होता. तरी त्याने सुधन्वा श्रेष्ठ असाच निर्णय दिला, आणि विरोचनाला जीवदान मिळाले ते त्या सत्यावर प्रसन्न झालेल्या सुधन्व्याकडून.