मित्रत्वाचा सामना आणि आदबीचा सामना

खेळाची आवड असलेल्या एखाद्या राजकीय नेत्याला कोणी बास्केटबॉलच्या मित्रत्वाच्या सामन्याचे आव्हान दिले, की त्यावरची चर्चा ठरावीक दोन वाटांनी जाते. एक तर नेता या वयातही किती तंदुरुस्त आहे, त्याची फेक कशी आहे, तो जिंकला की हरला, याची मोजदाद सुरू होते. नाहीतर ‘कोर्टवर उतरले की सगळे सारखेच’ हे वाक्य उच्चारून लोकशाहीची पाठ थोपटली जाते. पहिली वाट निरुपद्रवी आहे, कारण तिने विचाराचा आवच आणलेला नसतो. दुसरी मात्र विचार म्हणून वावरते आणि सत्ता प्रत्यक्षात कशी वागते याविषयी लोकांची दिशाभूल करते; म्हणून तिची तपासणी जरा नेटाने करणे भाग आहे.

इतर मते फार वेळ घेण्याच्या योग्यतेची नाहीत. देशाचा कारभार सोडून नेत्याने खेळत बसू नये, हा आक्षेप अमेरिकेत आयसेनहॉवर यांच्या गोल्फपासून चालत आलेला आहे आणि त्याची नजर हजेरीपटाच्या पलीकडे जात नाही. हे सारे प्रसिद्धीसाठी चालते, असे म्हणणारे खरे बोलतात, पण प्रसिद्धी नेमकी कशाची होते हे त्यांना सांगता येत नाही. राजकारण आणि खेळ वेगळे ठेवावेत, असे मानणाऱ्यांनी १९७१ साली अमेरिकेच्या टेबल टेनिसपटूंनी चीनला दिलेली भेट आठवावी. तिथे ‘मैत्री आधी, स्पर्धा नंतर’ ही घोषणा होती आणि यजमानांनी पाहुण्यांना काही गेम मुद्दाम सोडले, असे मानले जाते.

आता मुख्य मताकडे. ‘कोर्टवर सगळे सारखे’ या समजुतीला विद्वत्तेचा आधार द्यायचा झाला, तर डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांच्या १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. खेळ हा नेहमीच्या जगण्यापासून स्थळाने आणि काळाने वेगळा काढलेला असतो, त्याभोवती जणू एक रिंगण आखलेले असते आणि त्या रिंगणात फक्त खेळाचेच नियम चालतात, अशी हुइझिंगा यांची मांडणी आहे. तिच्यावरून असा निष्कर्ष काढला जातो की रिंगणात पाऊल टाकताच नेत्याचे पद बाहेर राहते, आत येतो तो केवळ एक खेळाडू. निष्कर्ष गोड आहे, पण तो हुइझिंगा यांच्या पहिल्याच अटीवर अडखळतो. खेळ ऐच्छिक असला पाहिजे, हुकमाने खेळला जाणारा खेळ हा खेळच उरत नाही, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे. आणि राष्ट्राध्यक्षाच्या कार्यालयातून आलेल्या निमंत्रणाला ‘आज जरा कंटाळा आला आहे’ असे कळवणारा माणूस सापडणे कठीण. खेळ कुठे होणार, केव्हा होणार, आत कोणाला सोडायचे आणि खेळ कधी आटोपायचा, हे सारे रिंगणाबाहेरची सत्ता ठरवते. ज्याने रिंगण आखले तो त्यात शिरताना समान कसा होतो, याचे उत्तर हे मत देत नाही.

हुइझिंगा यांचे नाव घेणारे त्यांच्या आणखी एका भेदाकडे दुर्लक्ष करतात. लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले: लबाड खेळाडू नियम पाळण्याचे सोंग तरी करतो, म्हणजे रिंगणाला मान देतो, तर खेळ मोडणारा रिंगणच नाकारतो. सत्ताधीशाबरोबरच्या सामन्यात मात्र एक तिसराच प्राणी आढळतो. तो एकही नियम मोडत नाही, डावही उधळत नाही. तो फक्त जिंकण्याची इच्छा बाहेर ठेवून येतो आणि ती बरोबर आणल्याचा अभिनय करतो. त्याला आदबशीर खेळाडू म्हणता येईल. तो एकटा असला तरी सामन्यातला खेळ संपतो, आणि गुणफलकावर मात्र काहीच दिसत नाही.

फ्रेंच विचारवंत रोजे काय्वा यांनी स्पर्धेच्या खेळांविषयी म्हटले आहे की त्यांत संधीची समानता कृत्रिमरीत्या निर्माण केलेली असते; वरचढ खेळाडूवर काही भार टाकून, म्हणजे दुबळ्याला आधीच काही गुण देऊन किंवा बलवानाला मागून सुरुवात करायला लावून, ही समानता साधता येते. उंचीचा, वयाचा, सरावाचा फरक अशा रीतीने भरून काढता येतो. पदाच्या फरकावर कोणता भार टाकायचा? समोरच्याला पाच गुण आधी दिल्याने त्याच्या मनातला संकोच जात नाही. समानतेच्या पुरस्कर्त्यांनी हा प्रश्न कधी मनावर घेतलेला दिसत नाही.

त्यांचा हुकमाचा पुरावा बराक ओबामा यांच्या चरित्रातला आहे. ओबामा होनोलुलूतील पुनाहौ शाळेच्या १९७९ च्या राज्यविजेत्या संघात होते, आणि पुढे मिशेल रॉबिन्सन यांच्याशी ओळख वाढल्यावर मिशेल यांनी आपले बंधू क्रेग यांना या तरुणाबरोबर खेळून त्याचा स्वभाव पारखायला सांगितले. क्रेग हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे नामवंत खेळाडू. त्यांनी खेळून दिलेला निर्वाळा अनुकूल होता. आत्मविश्वास आहे पण गर्व नाही, चेंडू स्वतःकडे अडकवून ठेवत नाही, आणि प्रेयसीचा भाऊ म्हणून मुद्दाम पासही देत नाही, असा त्याचा आशय. कोर्टवर माणूस उघडा पडतो हे यावरून सिद्ध होते, असे सांगितले जाते. सिद्ध होते ते बरोबर उलटे. त्या दिवशी पारखणारा वरच्या स्थानावर होता आणि पारखला जाणारा कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण होता. क्रेग यांना ओबामांकडून काही मिळवायचे नव्हते, त्यांना दुखवण्याची भीतीही नव्हती. परीक्षा खरी ठरली ती सत्तेचा प्रवाह उलट्या दिशेने वाहत होता म्हणून. त्याच ओबामांबरोबर वीस वर्षांनी, ते राष्ट्राध्यक्ष असताना, एखाद्या तरुण अधिकाऱ्याने खेळून असाच निर्वाळा दिला असता, तर तो कोणी गंभीरपणे घेतला असता?

मराठी मुलांच्या खेळात या स्थितीला फार पूर्वीपासून जागा आहे. धाकट्या भावंडाला डावात घेतले जाते, पण ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही, कारण ते ‘कच्चा लिंबू’ असते. त्याच्याशी कोणी वाईट वागत नाही. सगळे हसून, सांभाळून घेतात, आणि नेमके त्यामुळेच ते खऱ्या अर्थाने खेळात नसते. नेत्याला मिळणारी वागणूक यापेक्षा वेगळी नाही. मुलाला सवलत मिळते ती दुबळेपणाची आणि नेत्याला मिळते ती बळाची, एवढाच फरक. शिवाय मुलाला आपण कच्चा लिंबू असल्याचे बहुधा ठाऊक असते.

रशियात व्लादिमिर पुतिन यांनी मे २०१९ मध्ये सोची येथे, नावाजलेल्या निवृत्त खेळाडूंसह झालेल्या आइस हॉकीच्या प्रदर्शनी सामन्यात किमान आठ गोल केले. सामन्यानंतर प्रेक्षकांना अभिवादन करत फेरी मारताना ते बर्फावरच्या गालिच्याला अडखळून पडले, आणि जगभर दाखवले गेले ते हे पडणे. आठ गोल होईपर्यंत समोरची बचावफळी काय करत होती, हा अधिक रंजक प्रश्न बाजूला राहिला. याच्या तुलनेत नोव्हेंबर १९९९ मध्ये हवानात झालेला बेसबॉलचा सामना पाहावा. व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ स्वतः खेळत होते, फिडेल कॅस्ट्रो क्युबाच्या संघाचे सूत्रधार होते, आणि कॅस्ट्रो यांनी निवृत्त खेळाडूंच्या नावाखाली ताज्या दमाचे खेळाडू खोट्या दाढ्या लावून मैदानात उतरवले. ही उघड लबाडी होती, तरीही सोचीपेक्षा हवानाचा सामना मित्रत्वाच्या अधिक जवळ जातो, कारण तिथे पाहुण्याला फसवण्याची आणि हरवण्याची इच्छा तरी शाबूत होती. दोन राष्ट्रप्रमुखांमध्ये कोणी कोणाचा ताबेदार नसतो, म्हणून ते शक्य झाले.

(महाराष्ट्राने ही अडचण आपल्या परीने सोडवली आहे. इथे क्रीडाप्रेमी नेता बहुधा खेळत नाही, तो संघटनेचा अध्यक्ष होतो. मनोहर जोशी, शरद पवार आणि विलासराव देशमुख हे तिघेही मुख्यमंत्री आणि तिघेही मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष. अध्यक्षाला बाद कसे करायचे हा प्रश्न मैदानात निघत नाही. तो मतपेटीत निघतो आणि तिथे आदब फार कमी असते.)

बास्केटबॉल या प्रश्नासाठी विशेष उपयोगी आहे, आणि त्याचे कारण त्याच्या जन्मात आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, हिवाळ्यात बंदिस्त व्यायामशाळेत खेळता यावा म्हणून, पीच या फळाच्या दोन टोपल्या टांगून हा खेळ रचला. बंद जागेत धसमुसळेपणा परवडणारा नव्हता, म्हणून त्यांच्या मूळ १३ नियमांत खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे, मारणे यांना बंदी होती आणि दोन पंच नेमलेले होते: एकाने चेंडूवर नजर ठेवायची, दुसऱ्याने माणसांवर. म्हणजे हा खेळ मुळातच अंतराचा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या इतके जवळ जायचे की त्याला फेक करणे अवघड व्हावे, पण त्याला धक्का लागू द्यायचा नाही. ओबामा डावखुरे, त्यांना मनापासून अडवू पाहणारा खेळाडू त्यांच्या डाव्या बाजूला अर्धे पाऊल सरकून उभा राहील, हाताच्या अंतरावर, गुडघे वाकवून, आणि त्यांना उजवीकडे वळायला भाग पाडेल. आदबशीर खेळाडू समोर उभा राहतो, पाऊलभर मागे, आणि चेंडू हातातून सुटल्यावर हात वर करतो. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही बचाव सारखेच दिसतात.

म्हणून कॅमेऱ्यासमोर नुसत्या फेकींची चढाओढ लावणे हा या प्रश्नातून पळ काढण्याचा मार्ग आहे. २०१० साली ओबामा यांनी माजी व्यावसायिक खेळाडू क्लार्क केलॉग यांच्याबरोबर अशी चढाओढ खेळून जिंकली. त्यात एकाने केलेली फेक दुसऱ्याने तशीच करून दाखवायची असते आणि अडवायला कोणी नसते. त्यामुळे केलॉग हरले की त्यांनी जिंकू दिले, हे ठरवण्याचे साधनही नसते. टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ आणि दूरचित्रवाणीवरचे विनोदकार जिमी किमेल यांचा जून २०१८ मधला ह्यूस्टनचा सामना यापेक्षा बरा म्हणावा लागेल. किमेल यांनी केलेल्या थट्टेवरून क्रूझ यांनीच आव्हान दिले, धर्मादाय कामासाठी दोघे एकमेकांसमोर उभे राहिले, आणि बेताच्याच खेळानंतर क्रूझ ११–९ असे जिंकले. किमेल यांना क्रूझ यांचे भय नव्हते. नेत्यांची टिंगल हाच त्यांचा धंदा आहे. पण हीच त्या उदाहरणाची मर्यादाही आहे, कारण किमेल यांच्यापाशी स्वतःची वेगळी सत्ता होती, जी आव्हान देऊ पाहणाऱ्या सामान्य नागरिकापाशी नसते.

आदबीच्या विरोधातला सर्वांत ठोस पुरावा म्हणून २६ नोव्हेंबर २०१० ची घटना पुढे केली जाईल. वॉशिंग्टनमधील फोर्ट मॅकनेअर येथे मित्र आणि नातलगांबरोबर खेळताना, ओबामा बचावात असताना, फेकीसाठी वळलेल्या प्रतिस्पर्ध्याचे कोपर त्यांच्या ओठावर लागले आणि १२ टाके घालावे लागले. त्या क्षणी तरी तो खेळाडू समोर राष्ट्राध्यक्ष आहे हे विसरला होता, आणि राष्ट्राध्यक्षही टाके पडण्याइतके जवळ आले होते; हे दोघांच्याही पारड्यात टाकायला हवे. तरीही कोपर लागणे आणि फाउल पुकारणे यांत फरक आहे, आणि या साऱ्या वादात महत्त्वाचा फरक तोच आहे. कोपर नकळत लागते, त्याला धैर्य लागत नाही. फाउल पुकारावा लागतो. पंच नसलेल्या सामन्यात, अमेरिकेतल्या रस्त्याकडेच्या कोर्टांवरच्या रिवाजाप्रमाणे, ज्याला धक्का बसला त्यानेच मोठ्याने तसे म्हणायचे असते. मग खेळ थांबतो आणि चेंडू त्याला मिळतो. नेत्याने धक्का दिला आणि समोरच्याने खेळ थांबवून, चारचौघांत, ‘फाउल’ असे म्हटले, आणि नेत्याने कुरकुर न करता चेंडू त्याच्या हाती दिला, तर तो सामना मित्रत्वाचा. मग नेता २० गुणांनी जिंकला तरी हरकत नाही. हे घडू शकत नसेल, तर नेता हरला तरी सामना आदबीचाच राहतो, कारण हरणेसुद्धा नेत्याने केलेली मेहेरबानी असू शकते.

राष्ट्राध्यक्षांच्या अशा खासगी सामन्यांना पत्रकारांना सहसा आत सोडले जात नसे, त्यामुळे त्या कोर्टवर कोणी कितीदा ‘फाउल’ म्हटले हे बाहेरच्यांना कळायला मार्ग नव्हता. जे सामने उघड्यावर होतात त्यांच्याबाबतीत मात्र ही सबब चालणार नाही. आव्हान देणाऱ्याने तारीख आणि जागा मागण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात: संघ नेत्याच्या कार्यालयाने निवडू नयेत, आणि पंच नेमायचाच असेल तर तो त्या कार्यालयाच्या पगारावर नसावा. आणि वार्तांकन करणाऱ्यांनी गुणसंख्येखाली एक ओळ वाढवावी, नेत्याविरुद्ध किती फाउल पुकारले गेले आणि ते कोणी पुकारले.