वाट विचारण्याची गरज

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त दांपत्याने गेल्या वर्षी डॅन्यूब नदीवरून जलप्रवास केला. परतल्यावर त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. छायाचित्रे पाहून झाली, चहा झाला, आणि यजमान समाधानाने म्हणाले, "पंधरा दिवसांत आम्हांला एकदाही कुणाला वाट विचारावी लागली नाही." प्रवासाची थोरवी म्हणून सांगितलेले ते वाक्य आमच्या मनात मात्र खड्यासारखे सलत राहिले.

अशा प्रवासाची ओढ आम्हांला समजत नाही असे नव्हे. समुद्रावरचे जहाज हजारो माणसे पोटात घेऊन स्वतःच एक शहर होऊन बसते. नदीवरच्या जहाजाला तसे फुगता येत नाही. पाण्याची पातळी चढवण्या-उतरवण्यासाठी युरोपातील नद्यांवर दरवाजांचे जे हौद बांधले आहेत, त्यांची रुंदी बहुधा बारा मीटर. म्हणून जहाज जेमतेम साडेअकरा मीटर रुंद, फार तर १३५ मीटर लांब, आणि पुलांखालून जायचे म्हणून बुटके. प्रवासी दोनशेच्या आसपास. जुनी नगरे नदीकडे तोंड करून वसलेली असल्याने धक्क्यावर उतरले की चार पावलांवर गावाचे हृदय. ऱ्हाईन आणि डॅन्यूब यांची खोरी जोडण्यासाठी शार्लमेन राजाने इ. स. ७९३ मध्ये कालवा खणायला घेतला होता. आजचा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ साली पुरा झाला. तो समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर चढून पलीकडे उतरतो. माणसाने नद्यांची सोयरीक जुळवावी, हे कौतुकाचेच. गुडघे थकलेल्यांना, रोज सामान बांधणे न झेपणाऱ्यांना असे जहाज म्हणजे वरदान आहे. त्याची थट्टा आमच्याकडून होणार नाही.

प्रश्न निराळा आहे. ज्याला कुणाकडेच काही मागावे लागत नाही, त्याला परक्याची ओळख होते काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी ज्ञानाच्या ओढीचे दोन प्रकार मानले. एक सद्गुण, दुसरा त्याचीच भरकटलेली भावंडे. पाहण्याची हौस वाईट नव्हे. पण ती कशासाठी आणि पाहणाऱ्यावर तिचे काय बंधन, हे त्यांनी विचारले. दरडोई काही लाख रुपये मोजून 'संस्कृती' पाहायला निघालेल्या आपणा सर्वांना तो प्रश्न लागू पडतो.

बुडापेस्टचेच पाहा. रात्री जहाज संसदभवनासमोरून संथपणे जाते. सारी इमारत सोनेरी प्रकाशात न्हालेली, प्रवासी गच्चीवर, हातात पेला. त्याच काठावर, पाण्याच्या अगदी कडेला, लोखंडी पादत्राणांच्या साठ जोड्या आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरियन फासिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना येथे रांगेत उभे करून गोळ्या घातल्या आणि देह नदीत लोटले. गोळी घालण्याआधी त्यांना जोडे काढायला लावीत; जोड्यांना किंमत होती. हे स्मारक २००५ साली उभारले गेले. ते पाहायला खाली उतरून काठाने चालत जावे लागते. दिवसा तशी सोय असते, जाणारे जातातही. पण आमच्या मित्रांकडे संसदभवनाची अकरा छायाचित्रे होती, जोड्यांचे एकही नव्हते. "ते कुठे होते?" त्यांनी आम्हांलाच विचारले.

मेल्कचा मठ सर्वांनाच आवडतो. १०८९ पासून तेथे बेनेडिक्टाइन संन्यासी राहतात, आजही शाळा चालवतात. आलेल्या पाहुण्याचे स्वागत ख्रिस्ताचे करावे तसे करावे, असा संत बेनेडिक्ट यांचा दंडक आहे. त्या दंडकात दार ठोठावणारा कुणीतरी गृहीत धरला आहे: भुकेला, दमलेला, रात्रीपुरता आसरा मागणारा. आपली शय्या आणि आपली भाकरी नदीत बांधून ठेवून, तिकीट काढून आलेल्या माणसाला मठाने काय द्यावे? तो वास्तू दाखवू शकतो. ग्रंथालय दाखवू शकतो. पाहुणचार घ्यायला पाहुण्याच्या हातात थोडी तरी रिकामी जागा लागते.

हे लिहिताना आम्हांला आमच्याच यात्रा आठवतात. लूर्द, फातिमा, रोम एवढे बारा दिवसांत. बरोबर आपला आचारी, बसमध्ये आपलीच गाणी. परतल्यावर आपण फातिमाच्या एखाद्या माणसाचे नाव सांगू शकतो काय? तेव्हा जहाजावाल्यांना बोल लावण्याचा अधिकार आम्हांला फारसा नाही.

निघता निघता यजमानीणबाईंनी एक गोष्ट सांगितली. मेल्कच्या चर्चमध्ये त्या गुडघा धरून बसल्या आणि मंडळी पुढे निघून गेली. तेथे झाडलोट करणाऱ्या एका बाईने त्यांचा हात धरला आणि पायऱ्या उतरवून दिल्या. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. वाटेत त्या बाईने बोटांनी दाखवले, मुले तीन. यांनी दोन दाखवली. खाली आल्यावर तिने यांच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी म्हटले, ते यांना कळले नाही.

"आम्ही मात्र तिकडे घाबरून गेलो होतो," यजमान म्हणाले. त्या बाईचे छायाचित्र काढायचे राहूनच गेले होते. यजमानीणबाई अर्धा तास तिच्याचविषयी बोलत होत्या.