पापाचा वाटेकरी

जेरुसलेममध्ये ज्यूंच्या संहारातील नाझी अधिकारी आइकमन याच्यावरील खटला अद्याप चालू असताना, १९६१ साली, अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम या तरुण मानसशास्त्रज्ञाने जे प्रयोग आरंभिले, त्यांचा विषय वरकरणी स्मरणशक्ती हा असला तरी खरा शोध मनुष्याच्या आज्ञाधारकतेचा होता. चार डॉलर मेहनताना व पन्नास सेंट गाडीभाडे घेऊन आलेल्या सामान्य गृहस्थाला ज्या यंत्रासमोर बसवीत, त्यावर १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत ३० खटके ओळीने असत. भिंतीपलीकडे खुर्चीला जखडलेला मनुष्य उत्तर चुकला की पुढचा खटका दाबून त्याला अधिक तीव्र झटका द्यावा, असा हुकूम असे. झटके खोटे होते आणि तो मनुष्यही सामील होता. पण खटका दाबणाऱ्यास याची वार्ता नव्हती. पहिल्या ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले.

त्यांना क्रूर ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. ते घामाघूम होत, थरथरत, ओठ चावीत, हरकतही घेत. सदसद्विवेकबुद्धी जागी होती, हात मात्र चालूच राहिला. पुढच्या एका प्रयोगात पलीकडचा आक्रोश ऐकून व्याकुळ झालेल्या एका गृहस्थाने, या माणसाचे काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण, असे विचारले. प्रयोग चालविणाऱ्या करड्या कोटातील अधिकाऱ्याने ती जबाबदारी शांतपणे आपल्या शिरावर घेतली, आणि तो गृहस्थ कुरकुरत का होईना, अखेरपर्यंत गेला.

वाल्या कोळ्याची कथा बालपणीच ऐकलेल्या वाचकाला या प्रश्नोत्तराचे मर्म निराळे सांगावयास नको. पापाचे वाटेकरी होता का, असे वाल्याने बायकामुलांना विचारले, त्यांनी साफ नकार दिला, आणि त्या नकारातूनच त्याचा उद्धार झाला. येलमध्ये वाटेकरी व्हावयास एक मनुष्य राजीखुशीने पुढे आला, आणि घात झाला तो तेथेच. हुकूमनाम्यावर सही कोणाचीही असो, कर्माचे खाते दुसऱ्याच्या नावे चढविता येत नाही, ही आपल्या कर्मसिद्धान्तातील मला सर्वांत कठोर आणि सर्वांत हितकर वाटणारी गोष्ट आहे.

जुना करार शिकविणारे एक प्राध्यापक मात्र १५० व्होल्टपाशी थांबले. ज्याचा अंतिम स्वामी ईश्वर, त्याला मानवी अधिकार क्षुद्र वाटतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी मागाहून दिले. त्या निष्ठेपुढे मी नम्र आहे. परंतु त्याच ग्रंथात अब्राहामाने पोटच्या मुलावर सुरा उगारला तो ईश्वराच्याच आज्ञेने, हे आठवले की आज्ञा देणारा कितीही श्रेष्ठ असो, आपल्या हाताचा जाब आपणच दिला पाहिजे, याविषयी मला संशय राहत नाही. असा जाब एकट्याने देणे फार जड जाते, हेही मिलग्रॅमनेच दाखविले: एका फेरीत यंत्रापाशी बसविलेले त्याचे दोन हस्तक एकामागून एक हुकूम नाकारून बाजूला झाले, तेव्हा ४० पैकी अवघे ४ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले.