सागाची प्रतिष्ठा, भुशाची बदनामी

फर्निचरच्या दुकानात शिरलेला आपला माणूस किंमत विचारायच्या आधी कपाटाच्या दारावर टकटक करून बघतो. आवाज भरीव आला तर माल चांगला, पोकळ आला तर ‘नुसता भुसा भरलाय हो यात!’ गंमत अशी की भुशाच्या कुळातला एमडीएफ या परीक्षेत सहज पहिला येतो. त्याचा घनमीटर सात-आठशे किलो भरतो आणि साग साधारण साडेसहाशे. म्हणजे ज्या मालाला आपण नाकं मुरडतो, तोच या टकटकीला सागापेक्षा भरीव उत्तर देतो.

ही परीक्षा अखंड लाकडाच्या काळातली. वाड्याच्या खांबांसाठी ब्रह्मदेशातला साग मुंबई बंदरात उतरत होता, कोकणात वाशांना ऐन-किंजळ आणि देव्हाऱ्याला फणस लागत होता. त्या पिढीला फळीचा गाभा कुठला आणि वाळवीला आवडणारा बाहेरचा पांढरट भाग कुठला, हे नजरेनं कळायचं. लाकूड आपलं वय, गाठी, तडे उघड दाखवत होतं. घेणारा, विकणारा आणि सुतार तिघंही एकच वस्तू बघत होते.

आता तसं राहिलेलं नाही. वर सागाच्या रेषांचा सनमायका, कडेला त्याच रंगाची पट्टी, आत काय ते कारखान्याला ठाऊक. नव्या लाकडी मालाबद्दलचा अविश्वास हा जुन्या लोकांचा अडाणीपणा आहे, असं विक्रेते आणि काही आर्किटेक्ट मानतात. मला ते पटत नाही. माल झाकून विकला जातो, म्हणून लोक संशय घेतात. त्यांचा संशय रास्त आहे, फक्त तो बऱ्याचदा भलत्याच जागी जातो.

सिंकखालची ट्रॉली आठवा. दोन-तीन पावसाळ्यांत खालची कड फुगते, पट्टी सुटते, बिजागरीचा स्क्रू भोकात नुसता फिरत राहतो. मिस्त्री येतो, भोकात आगपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरतो आणि ‘किती दिवस टिकेल सांगता येत नाही’ म्हणून निघून जातो. यामागचं कारण सरळ आहे. पार्टिकल बोर्डात लाकडाचा कीस गोंद घालून उष्णतेनं आणि दाबानं बसवलेला असतो. एकदा पाणी आत शिरलं की दाबलेले कण फुगतात, आणि वाळल्यावर पूर्वीसारखे बसत नाहीत. सागाची फळी भिजली तर वाळवून, रंधा मारून पुन्हा कामाला येते. इथे रंधा मारायला आत काही नसतंच. ‘दुरुस्त होत नाही’ ही लोकांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण तोच बोर्ड बेडरूममधल्या पुस्तकांच्या कपाटात वर्षानुवर्षं बिनतक्रार उभा असतो. दोष मालाला चुकीच्या जागी बसवणाऱ्याचा आणि ते न सांगणाऱ्याचा आहे.

प्लायची गोष्ट तर उलटीच आहे. लाकूड आडवं फुगतं, उभं जवळपास फुगतच नाही. म्हणून पावसाळ्यात अस्सल सागाचं दारही चौकटीत अडतं. प्लायमध्ये ओंडक्यावरून सोललेले पातळ पापुद्रे एकाआड एक उभे-आडवे चिकटवतात, त्यामुळे एकाचं फुगणं दुसरा धरून ठेवतो. या एका बाबतीत प्लाय अखंड लाकडापेक्षा सरस आहे. तरी ‘साग तो साग’ म्हणताना हे कुणी बोलत नाही.

आणि ज्याची भीती बाळगायला हवी, त्याचं आपल्याला चक्क कौतुक. नव्या फर्निचरचा वास! अनेक बोर्डांच्या गोंदात युरिया-फॉर्मल्डिहाइड असतं, आणि डोळे चुरचुरवणारा तो वास बऱ्याच अंशी त्याचा. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये दिला. बोर्डातून हा वायू किती सुटतो यावर ई-वन, ई-झीरो असे दर्जे आहेत. पण गिऱ्हाईक ‘पाण्यानं फुगेल का?’ एवढंच विचारतं.

दुसरा गैरसमज झाडांबद्दलचा. लाकूड वापरणं म्हणजे जंगल तोडणं, हे आपल्या मनात पक्कं बसलंय, आणि सरकारच्याही मनात होतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं 1993 मध्ये आपल्या इमारतींत लाकूड बंद केलं, ती बंदी 2020 मध्ये उठली. मधली सत्तावीस वर्षं खिडक्या-दारं लोखंड, अॅल्युमिनियम आणि पीव्हीसीची. यातलं काहीही शेतात उगवत नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जंगलतोडीला लगाम घातला, तेव्हा प्लायच्या धंद्याला शेतकऱ्यांच्या झाडांवर विसंबावं लागलं. आज हरियाणातल्या यमुनानगरच्या कारखान्यांत शेताच्या बांधावरचा पॉप्लर आणि निलगिरी येतात. केरळात रबराचं झाड पंचवीस-तीस वर्षं चीक देऊन थकलं की पूर्वी सरपणाला जायचं. ते लाकूड कीड-बुरशीला लगेच बळी पडतं. बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया करायची रीत बसली आणि अशाच रबराच्या लाकडावर मलेशियाचा निर्यातीचा फर्निचर-धंदा उभा राहिला. आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरउतारांवरही रबराची झाडं आहेत. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. लाकूड जाळलं तर तो हवेत जातो, कपाटात राहिलं तर तितकी वर्षं तिथेच.

प्रतिष्ठा मात्र सागाचीच. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारशाहून साग रवाना झाला, तेव्हा मिरवणूक निघाली. नव्या संसद भवनात नागपूरहून गेलेल्या सागाची आपण अभिमानानं चर्चा केली. त्याच भवनात त्रिपुराच्या बांबूची फरशी आहे, हे किती जणांना माहीत आहे? बांबू म्हटलं की आपल्याला मांडव, शिडी नाहीतर तिरडी आठवते. 2023 मध्येच विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर 200 मीटर लांबीचा बांबूचा क्रॅश बॅरियर बसला. क्रिओसोट तेलाची प्रक्रिया आणि वर पुनर्वापराच्या प्लास्टिकचा थर दिलेला. पिथमपूरला त्याच्या चाचण्या झाल्या, आगीची तपासणी रुरकीला झाली. तरी पहिली प्रतिक्रिया हसण्याचीच. दोनशे मीटरवरून पाच-दहा पावसाळ्यांचा निकाल देता येणार नाही, हे खरं. पण हसणाऱ्यांनी चाचणीचा कागद मागितला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

लाकडाबाबत आगीची भीती तरी समजण्यासारखी आहे. नॉर्वेत ब्रुमुनडाल गावी 2019 मध्ये 18 मजल्यांची, 85.4 मीटर उंच लाकडी इमारत उभी राहिली. तिचे खांब फळ्या चिकटवून केलेल्या जाडजूड तुळयांचे आहेत. अशी तुळई पेटली की बाहेरून कोळसा होत जातो, मिनिटाला मिलिमीटरहूनही कमी वेगानं, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला वाचवतो. उघडं पोलाद सहाशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं. मात्र हे जाड तुळयांचं शास्त्र आहे, तुमच्या पातळ फळीच्या कपाटाचं नाही. विक्रेत्यानं हा दाखला देऊन कपाट खपवू नये.

एवढं सगळं असूनही आपल्या बाजारात ‘मरीन प्लाय’ कशालाही म्हणतात. खरा मरीन म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचा. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. नेहमीचा कमर्शियल प्लाय आयएस 303 मध्ये येतो. 2025 पासून प्लाय आणि बोर्डांना मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली आहे. ती सक्ती कागदावर राहायची की दुकानात उतरायची, हे गिऱ्हाईक विचारतं की नाही यावर आहे.

तेव्हा या दिवाळीत घरात फर्निचरचं काम काढलं असेल तर दारावर टकटक करत बसू नका. मिस्त्रीला सांगून कापलेला एक तुकडा हातात घ्या, त्याची न झाकलेली कड बघा. सिंकखाली पार्टिकल बोर्ड घालू देऊ नका. गोंदाचा दर्जा विचारा. आणि बिलावर नुसतं ‘प्लाय’ लिहून घेऊ नका. आयएस क्रमांक, ग्रेड आणि शिक्क्यावरचा परवाना क्रमांक लिहून मागा.