यशाचे माप

उत्तम फुटबॉल प्रशिक्षक कोणास म्हणावे? सामान्यतः आपण चषक मोजतो. घाटाखालच्या गोव्यात आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबाला २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. क्लबामागे उद्योगसमूह होता म्हणून हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. तसे पाठबळ इतरांनाही होते.

परंतु खालिद जमील यांना हेच माप कसे लावावे? २००९ ते २०१६ या काळात त्यांच्या मुंबई एफसीने एकदाही लीग जिंकली नाही. मात्र तुटपुंज्या साधनांनिशी तो अव्वल श्रेणीत टिकून राहिला. ते गेल्यावर २०१६-१७च्या हंगामात संघ खाली घसरला, आणि त्याच हंगामात जमील यांच्या छोट्या ऐझॉल संघाने आय-लीग जिंकली. ऐझॉलचा चषक सर्वांना दिसला. मुंबईची सात वर्षे कोण मोजणार?

देशावरून येऊन बेलूर-धारवाड परिसरात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांत, दुष्काळात जमीन न विकता घर चालविणारा कर्ता ती वाढविणाऱ्याहून उणा मानू नये, हे आपण जाणतो. मैदानावरही न्याय तोच असावा. काय मिळविले, एवढेच न विचारता हाती काय होते आणि काय राखले, हेही आपण विचारले पाहिजे.